वाचकांचे प्रश्न: बार्टोकने खेड्यातून नेमकं आणलं काय?

मागच्या अंकात बेला बार्टोकच्या 'रुमानियन लोकनृत्यां'बद्दल पानभर लिहिलं होतं, सहा-सात मिनिटांची रचना आहे, कुणीतरी चहा पिता पिता ऐकेल एवढीच अपेक्षा होती. पण पत्रं आणि मेल बरेच आले, म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच देतेय. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की बार्टोक (१८८१–१९४५) हा हंगेरीचा संगीतकार आणि पियानोवादक. मित्र झोल्टान कोडाय आणि तो, दोघंही १९०५-०६ पासून एडिसनचा फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडले, हजारो गाणी मेणाच्या नळकांड्यांवर भरून आणली, आणि मग त्यातून ऑर्केस्ट्रासाठी असं काही लिहिलं की ते अजून जगभर वाजतं. आता प्रश्नांकडे.

हंगेरियन संगीत तर लिस्ट आणि ब्राम्सनं आधीच जगाला ऐकवलं होतं ना? मग बार्टोकनं नवीन काय केलं? (एक हार्मोनियमवादक, मिरज)

लिस्ट आणि ब्राम्स हे एकोणिसाव्या शतकातले मोठे युरोपियन संगीतकार, लिस्टच्या 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी' आणि ब्राम्सची 'हंगेरियन नृत्यं' मी अजूनही आवडीनं ऐकते, त्यांना नावं ठेवायची नाहीत, पण त्यातल्या बहुतेक चाली खेड्यातल्या नाहीतच. त्या काळात बुडापेस्ट-व्हिएन्नाच्या कॅफेत रोमा (जिप्सी) वादकांचे बँड वाजायचे, व्हायोलिन, क्लॅरिनेट, आपल्या संतूरच्या कुळातलं चिंबालोम वगैरे, आणि ते जी गाणी वाजवायचे ती बऱ्याच वेळा शहरातल्या बऱ्या घरच्या हौशी लोकांनी रचलेली असायची. बाहेरून आलेल्याला वाटायचं हेच हंगेरीचं लोकसंगीत. ब्राम्सचं सगळ्यात गाजलेलं पाच नंबरचं नृत्य घ्या, ती चाल केलेर बेला नावाच्या संगीतकाराची, ब्राम्सनं लोकगीत समजून घेतली. म्हणजे उद्या कुणी परदेशी पाहुण्यानं नाट्यपद ऐकावं आणि घरी जाऊन सांगावं की महाराष्ट्रातले शेतकरी नांगरताना हे गातात, तसं झालं ते.

सुरुवातीला बार्टोकही त्याच समजुतीत वाढलेला. १९०४ च्या उन्हाळ्यात तो एका खेड्यातल्या मळ्यावर मुक्कामाला होता, ते ठिकाण तेव्हा हंगेरीत, आज स्लोव्हाकियात आहे. तिथं लिदी दोशा नावाची ट्रान्सिल्व्हेनियाकडची (हा प्रांत आज रुमानियात) मुलगी कामाला होती, ती लाल सफरचंद चिखलात पडल्याचं एक गाणं गुणगुणत होती आणि याला ते पलीकडच्या खोलीतून ऐकू आलं. कॅफेत ऐकलेल्या कशाशीच ते जुळेना. पुढच्या वर्षी कोडाय भेटला, तो लोकगीतांच्या कडव्यांच्या रचनेवरच प्रबंध लिहीत होता, आणि १९०६ च्या शेवटी दोघांनी मिळून वीस गाण्यांचं पुस्तक काढलं, दहा याची, दहा त्याची, सोबत पियानोची साथ.

आणि हाती काय लागलं, तर हे जरा पेटी उघडून वाचा. जुन्या हंगेरियन गाण्यांचं मूळ पाच सुरांत आहे, सा, कोमल ग, म, प, कोमल नी. तुम्ही म्हणाल हा तर धानी राग! हो, सुरांच्या हिशोबानं तोच. चाल वर चढून बसत नाही, वरून सुरू होते आणि खाली उतरत येते. चार ओळी असतात, आणि कितीतरी गाण्यांत पहिल्या दोन ओळींत जे झालं तेच पुढच्या दोन ओळींत जसंच्या तसं पाच सूर खाली. 'मोर उडून गेला' अशा अर्थाचं एक गाणं आहे, मोर सरकारी कचेरीवर जाऊन बसतो, तुरुंगातल्या गरीब पोरांच्या सुटकेसाठी, ते याच साच्यातलं, ओळीला सहा-सहा अक्षरं. कोडायनं १९३९ मध्ये त्याच्यावर ऑर्केस्ट्रासाठी व्हेरिएशन्स लिहिली, सुरुवात खालच्या तंतुवाद्यांत अगदी दबक्या आवाजात होते, ऐका एकदा.

जाताजाता एक. बार्टोक रोमा बँडवाल्यांवर जरा जास्तच कडक होता, त्यांनी गाण्यांवर आपला साज चढवून ती बिघडवली असं तो लिहायचा. पण 'रुमानियन लोकनृत्यां'तल्या पहिल्या नृत्याची चाल त्याला मिळाली ती दोन रोमा व्हायोलिनवाल्यांकडूनच, एक चाल वाजवत होता, दुसरा साथ. तेव्हा त्याचं सगळंच डोक्यावर घ्यायला नको.

आजीची जात्यावरची ओवी रेकॉर्ड केली, सॉफ्टवेअरमध्ये खाली स्ट्रिंग्ज टाकल्या, कॉर्ड्स दिल्या. पण ते एखाद्या तेलाच्या जाहिरातीसारखं वाटतंय. कुठं चुकलं? फाईल सोबत जोडलीय. (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, पुणे)

फाईल ऐकली, परत परत ऐकली. आजीचा आवाज असा आहे की खाली काहीही नसतं तरी चाललं असतं, आणि खरं सांगायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

पहिलं म्हणजे तुझ्या कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर. आजीची ओवी सा, रे, कोमल ग, म एवढ्यात फिरते, मधूनच खालच्या कोमल नीला शिवून येते. तू प्रत्येक ओळीच्या शेवटी पंचमाची कॉर्ड देऊन साच्या कॉर्डवर आणलंस, कारण यूट्यूबवरच्या सगळ्या हार्मनीच्या धड्यांत तेच शिकवतात. पण पंचमाची ती कॉर्ड प-नी-रे अशी बनते आणि त्यातला नी शुद्ध आहे. तो आजीनं कुठंही घेतलेला नाही! बाहेरचा सूर तू आणलास, तो कानाला सांगतो की आता घरी जायचंय, आता सा येणार, आणि ओवीला तर कुठं जायचंच नसतं, ती दळण संपेपर्यंत फिरत राहते. जाहिरात तिथं शिरली बघ.

नेमकी हीच अडचण बार्टोकला आली होती. त्याच्या पाच सुरांतही शुद्ध नी नव्हता, त्यामुळे जर्मन पद्धतीची ती ठराविक हार्मनी बसेना. त्यानं काय पाहिलं, तर या चालींमध्ये कोमल नी हा सा, ग, पच्या इतकाच हक्कानं बसतो, कुठं तरी सुटायला निघालेला वाटत नाही. मग चारही सूर एकत्र वाजवले तर ती कॉर्ड तशीच टिकून का राहू नये? त्यानं ती तशीच वापरली, सोडवली नाही. म्हणजे हार्मनी बाहेरून आणली नाही, चालीचेच सूर उभे रचले. त्याचं आणखी एक म्हणणं होतं जे ऐकायला उलटं वाटतं, की चाल जितकी साधी तितकी तिच्याखाली जास्त धाडसी हार्मनी चालते, कारण साधी चाल कुठल्याच ठराविक कॉर्डची मागणी करत नाही. तुझ्या ओवीला हे शंभर टक्के लागू आहे. सा आणि रे एकत्र धर, वर कोमल नी ठेव, बघ काय होतं. कानाला टोचलं तर काढ, पण एकदा करून तरी बघ.

दुसरं, काहीच न करण्याचा पर्याय असतो. 'रुमानियन लोकनृत्यां'तलं तिसरं, 'पे लोक', म्हणजे एका जागीच नाचायचं. ही चाल खेड्यात बासरीवर वाजवलेली. बार्टोकनं खाली सा-प धरून ठेवलाय, सरळ तंबोऱ्यासारखा, आणि वर एकटा पिकोलो, म्हणजे छोटी, उंच आवाजाची बासरी. त्या चालीत दीड स्वराची उडी आहे, आपल्याला भैरवात किंवा मधुवंतीत भेटते तसली, ती कोरड्या स्थिर सा-पवर इतकी उघडी पडते की अंगावर येते. मिनिटभराचं प्रकरण आहे. मुळात सबंध रचनेचा ऑर्केस्ट्राच छोटा, दोन बासऱ्या, दोन क्लॅरिनेट, दोन बसून (खालच्या आवाजाचं फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य), दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं, ट्रंपेट नाही, टिंपनी (सुरात लावलेले मोठे नगारे) नाही, काही नाही. तुझ्या फाईलमध्ये सॉफ्टवेअरनं दिलेले सगळे आवाज आहेत, मध्येच झांजा पण आल्यात, जात्यावर झांजा कशाला गं?

तिसरं जास्त गंभीर आहे. तू आजीचं गाणं क्लिकला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या ठोक्याला बसवलंस, क्वांटाइज केलंस, म्हणजे प्रत्येक सूर सरकवून त्या ठोक्यावर आणलास. फाईलमध्ये दुसऱ्या ओळीच्या शेवटचा 'गं' आजीनं नक्की लांबवला असणार, तिथं तो कापल्याचं स्पष्ट कळतं. बार्टोक-कोडाय गाण्यांचे सरळ दोन भाग करायचे, एक नाचायच्या पक्क्या लयीतलं आणि दुसरं बोलल्यासारखं, शब्दांच्या कलानं कधी थांबणारं कधी पळणारं. दुसऱ्या जातीचं गाणं त्यांनी ऑर्केस्ट्रात आणलं तेव्हा बाकीच्यांना धरून ठेवलेले लांब सूर दिले आणि चाल एकाच वाद्याला, त्यानं पाहिजे तेवढं रेंगाळावं, बाकीचे थांबतात. तू क्लिक बंद कर, आजीच्या मूळ रेकॉर्डिंगवर बाकीची वाद्यं बसव, उलट नको.

आणि हे सगळं झाल्यावर पुढची पायरी पण सांगून ठेवते. १९३१ च्या एका लेखात बार्टोकनं तीन रस्ते सांगितलेत: एक तर चाल घ्यायची आणि तिला साथ द्यायची, जे तू करतेयस. दुसरा, चाल घ्यायचीच नाही, तिच्या वळणाची स्वतःची रचायची. १९२३ चा त्याचा 'डान्स सूट' असाच आहे, बुडा, पेस्ट आणि ओबुडा एकत्र होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून लिहिलेला, त्यात एकही खरं लोकगीत नाही, पण हंगेरियन, रुमानियन, अरबी अशी वळणं ओळखू येतात. तिसरा रस्ता म्हणजे ना चाल, ना तिची नक्कल, पण सगळ्या संगीतालाच त्या मातीचा वास, कारण संगीतकार ती बोली मातृभाषेसारखी बोलायला लागलेला असतो. १९४३ चं 'कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' माझ्या मते तिथलं. घाई नको, त्याला स्वतःला तिथं पोचायला किती काळ गेला ते वर्षांवरूनच दिसतंय.

फक्त आजीवरही थांबू नकोस. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्यात, त्यातल्या बऱ्याच नेटवर रेकॉर्डिंगसकट ऐकता येतात. एकच ओवी वेगवेगळ्या गावच्या बायकांकडून ऐकलीस की चालीत पक्कं काय आणि आजीचं स्वतःचं काय ते आपोआप कळायला लागेल.

बार्टोकच्या बल्गेरियन नृत्यांत मला सरळ सरळ आपला रूपक ऐकू येतो. भास आहे की खरंच? (तबला शिकणारे एक वाचक, नाशिक)

भास नाही. मात्रांची विभागणी खरंच तशी आहे. 'मिक्रोकॉसमॉस' या त्याच्या पियानोच्या संग्रहाच्या शेवटी बल्गेरियन लयीतली सहा नृत्यं आहेत, पहिलं ४+२+३, दुसरं २+२+३, मग पाचाचं, मग ३+२+३, मग २+२+२+३ आणि शेवटचं ३+३+२. दुसऱ्यात सातच मात्रा आहेत, फक्त रूपक ३+२+२ आणि हे उलटं, तीन शेवटी.

पण एक फरक आहे आणि तो तबल्यावाल्यालाच पटकन कळेल. बार्टोकनं लिहून ठेवलंय की या लयीतली सगळ्यात छोटी मात्रा मिनिटाला तीनशे ते चारशे अशा वेगानं जाते. इतक्या वेगात कोण मोजणार सात? बल्गेरियातला नाचणारा मोजतच नाही, त्याच्यासाठी ती तीनच पावलं असतात, दोन आखूड आणि एक लांब. रूपकात तुम्ही सात मात्रा जगता, ठेका भरता, खाली असते, जागा असते. तिथं जागाच नाही, पाय लंगडल्यासारखा पडतो आणि पुढचं आवर्तन आलेलं असतं. ज्यांची सवय चारात-तीनात घडलीय त्या युरोपियन वादकांना हे जड जातं, ते लांब पाऊल नकळत छोटं करतात आणि सगळं सरळ होऊन बसतं. भारतीय वादक इथं मजेत असायला हवा, असं आपलं मला वाटतं.

सगळेच 'राष्ट्रीय' संगीतकार लोकगीतं उचलत होते का? सिबेलियसचं 'फिनलंडिया' मूळ कुठल्या लोकगीतावर आहे? (एक वाचक, ठाणे)

कुठल्याच नाही. ती शांत प्रार्थनेसारखी चाल फिनलंडच्या या सिबेलियसची स्वतःची, लोक ती परंपरेतली समजतात याचा त्याला वैतागच होता. चेक संगीतकार ड्वोरझाकच्या 'स्लाव्हॉनिक नृत्यां'चंही (पहिला संच १८७८) तेच, चाली त्याच्या, नाच मात्र खरे. त्यातलं पहिलंच 'फुरियांट' ऐका, तीन-तीनचे दोन खंड असतात ते तो दोन-दोनचे तीन करून टाकतो, सहाचे सहाच पण ठोका सरकतो, आणि हा खेळ चेक खेड्यातल्या नाचातला. त्याच्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीतली (१८९३) ती संथ चाल तर लोक हमखास निग्रो स्पिरिच्युअल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भक्तिगीत म्हणून सांगतात, पण तिच्यावर ते 'घरी जातो' वाले शब्द नंतर त्याच्या एका शिष्यानं बसवले. उलट उदाहरणही आहे, रशियन संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'ची सुरुवातीची बसूनवरची चाल लिथुआनियाच्या एका छापील लोकगीतसंग्रहातली आहे.

मी व्हायोलिन वाजवतो. मांडो आणि लावणी, दोन्ही ऑर्केस्ट्रासाठी लिहून बघितलं. मांडो छान बसतो, लावणीची मींड मात्र सेक्शननं (सगळ्या व्हायोलिनवाल्यांनी मिळून) वाजवली की गोंधळ होतो. आणि ढोलकी-संबळाचं काय करायचं? (मडगाव)

मांडो बसणारच हो, गोव्याचं ते गाणं जन्मालाच हार्मनी घेऊन आलंय, दोन आवाज तिसऱ्या-सहाव्या अंतरानं चालतात, त्याला ऑर्केस्ट्रा परका नाही. लावणीचं तसं नाही.

मींडेचा प्रश्न अगदी रास्त. एक माणूस प वरून ग वर येताना कुठं रेंगाळतो, कुठं घसरतो, ते त्याच्या हातात असतं. बारा जणांना तेच सांगितलं तर बारा जण बारा वेगांनी येतात आणि मधल्या वाटेवर नुसता धुरळा. स्कोअरमध्ये (लिहिलेल्या नोटेशनमध्ये) ग्लिसांदोची, म्हणजे घसरत जायच्या खुणेची रेघ मारून हे सुटत नाही. माझा सल्ला असा की मींड सोलोला द्या, एकच व्हायोलिन, किंवा क्लॅरिनेट, लावणीच्या फडात क्लॅरिनेट काही परकं नाही. आणि सेक्शनला फक्त जिथून निघायचं आणि जिथं पोचायचं ते दोन सूर द्या, धरून ठेवायला. मग मींड दोन खांबांमधून जाते आणि स्पष्ट ऐकू येते. सबंध सेक्शनकडून घसरण हवीच असेल तर ती किती मात्रांत संपवायची ते लिहा, आणि एकदम खालच्या आवाजात, पियानिसिमो.

ढोलकी आणि संबळ टिंपनीला देऊ नका, कृपा करून. टिंपनीचा आवाज गोल आणि त्याची आस लांब, हॉलमध्ये तर आणखी लांबते, संबळ कोरडा, कडक, वरच्या आवाजातला. एक तर लहान ड्रम्स लाकडी काड्यांनी वाजवून जवळ जा, नाहीतर सरळ संबळवाल्यालाच बोलवा, खुर्ची द्या. कोडायनं 'हारी यानोश' या ऑपेरामध्ये चिंबालोम थेट ऑर्केस्ट्रात बसवलं, त्याची नक्कल हार्पवर केली नाही. आपल्याकडेही झाकिर हुसेन यांनी 'पेशकार' लिहिलं, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं ते २०१५ मध्ये मुंबईत पहिल्यांदा वाजवलं, तबला मधोमध. रविशंकरांचा सतारीचा पहिला कॉन्सर्टो त्याच्या कितीतरी आधीचा, १९७१ चा, लंडन सिम्फनीबरोबर. अडचण एवढीच की संबळवाला नोटेशन वाचणार नाही आणि कंडक्टरला 'सम' दाखवायची सवय नाही, तेव्हा तालमीत दोघांच्या मध्ये उभं राहणारा माणूस तुम्ही, ते काम स्कोअर लिहिण्याइतकंच मोठं आहे.

तुम्ही मडगावचे म्हणून सांगते, तुमच्या शेजारच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हिंदी सिनेमातले व्हायोलिनवादक आणि अरेंजर, प्यारेलालजींचे गुरू, 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' ज्यांच्या नावावरून आलं ते, त्यांनी १९५८ मध्येच मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, राग आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रा एकत्र आणायचे म्हणून. त्या काळात, पदरचे पैसे घालून. यावर आपल्याकडे कुणी नीट लिहीत नाही याचा मला राग येतो.

स्पष्ट विचारतो. गाणं खेड्यातल्या बाईचं आणि नाव संगीतकाराचं. याला चोरी का म्हणायचं नाही? आणि 'राष्ट्रीय' संगीत म्हणजे शेवटी राजकारणच ना? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

सर, अर्ध्या प्रश्नावर तुमच्या बाजूनं आहे. बार्टोकनं प्रत्येक गाण्याचं गाव, साल आणि बहुतेक ठिकाणी गाणाऱ्याचं नाव-वय वहीत लिहून ठेवलं, त्यामुळे लिदी दोशाचं नाव आज त्याच्या प्रत्येक चरित्रात येतं, हे त्या काळाच्या मानानं पुष्कळ झालं. पण कार्यक्रमपत्रिकेवर तिचं नाव नसतं आणि मानधनात तिचा वाटा नव्हता, तेही खरंच. आज कुणी करत असेल तर नाव छापलंच पाहिजे आणि पैसे आले तर दिलेच पाहिजेत, 'पारंपरिक' एवढं लिहून मोकळं व्हायचं नाही. आपल्याकडे सिनेमात काय चालत आलंय ते तुम्हाला मी सांगायला नको.

राजकारणाबद्दल मात्र बार्टोकची गंमत बघा. सुरुवातीला तो कट्टर हंगेरियन राष्ट्रवादी होता, देशी पेहराव करायचा, घरच्यांशी जर्मन बोलण्यावरून वाद घालायचा. मग गाणी गोळा करायला लागला आणि नुसत्या हंगेरियन गाण्यांवर थांबेना, स्लोव्हाक, रुमानियन, रुथेनियन, सर्ब, १९१३ मध्ये अल्जीरियातलं बिस्क्रा, पुढे १९३६ मध्ये तुर्कस्तान. जितकं ऐकलं तितकं त्याला दिसत गेलं की गाणी सीमा मानत नाहीत, इकडची चाल तिकडे जाते, बदलते, परत येते, आणि यामुळेच ती श्रीमंत होतात. त्याच्या त्या रुमानियन नृत्यांचं नाव १९१५ मध्ये 'हंगेरीतली रुमानियन लोकनृत्यं' असं होतं, कारण ट्रान्सिल्व्हेनिया तेव्हा हंगेरीत होता. पहिलं महायुद्ध हरल्यावर १९२० च्या त्रियानोंच्या तहानं तो प्रांत रुमानियाकडे गेला आणि नावातलं 'हंगेरीतली' गळलं. त्याच वर्षी रुमानियन संगीतावरच्या एका लेखावरून बुडापेस्टच्या वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही ठरवायचं बाकी ठेवलं होतं. का, तर शत्रूच्या शेतकऱ्यांची गाणी चांगली म्हणतो! तिकडे रुमानियातले काही लोक म्हणायचे हा हंगेरियन आमच्या गाण्यांत नाक का खुपसतो. शेवटी नाझींच्या वळचणीला गेलेल्या हंगेरीत राहायचं नाही म्हणून १९४० मध्ये तो अमेरिकेला गेला, पाच वर्षांनी न्यू यॉर्कमध्येच वारला.

तेव्हा राष्ट्रीय संगीत म्हणजे राजकारण हे बरोबरच आहे, पण ते कुणाच्या बाजूनं जाईल हे सुरू करणाऱ्याच्या हातात राहत नाही.

सातारा जिल्ह्यात आमचं गाव. जुन्या बायकांची गाणी रेकॉर्ड करून पुढे त्यावर काहीतरी लिहायचं ठरवलंय. पण फोन समोर धरला की त्या एकतर लाजतात, नाहीतर सिनेमातलं गाणं म्हणतात. काय करावं? (एक तरुण वाचक)

अहो, बार्टोकचंही हेच झालं होतं. १९०७ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातून एका मैत्रिणीला पाठवलेल्या पत्रात त्यानं एका म्हाताऱ्या बाईबरोबरचा अख्खा संवाद लिहून काढलाय, वाचताना हसून पुरेवाट होते. हा म्हणतो जुनं गाणं म्हणा, ती म्हणते मला येत नाही, मग एक म्हणते ते नेमकं नवं निघतं. हा म्हणतो यापेक्षा जुनं, तर ती देवाचं म्हणायला लागते. देवाचं नको, तर परत दुसरं नवं. मध्येच मुलांवर ओरडते, मधूनच विचारते की हे सगळं तुम्हाला कशाला हवंय. तो बिचारा रडकुंडीला आलेला.

तुम्ही 'जुनं गाणं म्हणा' असं विचारूच नका, त्यांना नवं-जुनं असं काही नसतं. काम विचारा. दळताना काय म्हणायचात, लग्नात हळद लावताना काय, भोंडल्याला काय, पोराला निजवताना काय. आणि शक्य असेल तर ते काम चालू असतानाच बसा, जातं घरात पडलेलं असतं, दोन मुठी ज्वारी घाला आणि फिरवायला लावा, हात फिरला की गाणं येतं. एकटीला विचारण्यापेक्षा दोघी-तिघी असू द्यात, एक विसरली की दुसरी दुरुस्त करते आणि त्या भांडणात पाठभेद फुकटात मिळतात.

बार्टोकच्या नळकांड्यावर दोन-तीन मिनिटंच मावायची, म्हणून तो एक-दोन कडवी भरून बाकीचे शब्द हातानं लिहायचा. तुमच्या फोनला ती अडचण नाही तर चालू ठेवा, गाण्यांच्या मधल्या गप्पा पण राहू द्यात, कुणाकडून शिकली, माहेर कुठलं, ते सगळं त्यातच येतं. गाव, नाव, अंदाजे वय आणि तारीख सुरुवातीलाच बोलून घ्या म्हणजे फाईल हरवली तरी माहिती तिच्यातच असते. सुरुवातीचा सूर पेटीवर कुठला ते लिहून ठेवा. घरी आल्यावर नोटेशन करताना रेकॉर्डिंग अर्ध्या स्पीडवर ऐका, बार्टोकही फोनोग्राफ हळू फिरवून ऐकायचा आणि आधी लिहिलेलं पुन्हा पुन्हा दुरुस्त करायचा. ऑर्केस्ट्राचं नंतर बघू.

आणि निघताना फाईलची एक कॉपी त्यांच्या नातवाच्या फोनवर टाकून या. पुढच्या खेपेपर्यंत ती गावभर फिरलेली असते, आणि 'हिनं चुकीचं म्हटलंय, खरं मला येतं' म्हणणाऱ्या दोन-चार बायका स्वतःहून निरोप पाठवतात.